सहा फूट एक इंचाचा माणूस ‘बुटका’ कसा झाला?

[हातात फोन, स्क्रीनवर मकबऱ्यासमोरचा फोटो]

राम राम मंडळी. संभाजीनगरला बीबीच्या मकबऱ्यावर गेलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये हा फोटो सापडतो. पुढं माणूस उभा, अन् त्याच्या चिमटीत मागचा घुमट. जवळचं मोठं दिसतं, लांबचं छोटं, एवढीच त्यातली गंमत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमाच्या तिन्ही भागांत, २००१ ते २००३, हीच गंमत ठासून भरलीय. तिथं नट निवडतानासुद्धा उंची मोजायची टेप लावलेली दिसते.

गिम्ली आठवतो ना? दाढीवाला, कुऱ्हाडवाला, बुटक्यांच्या जमातीतला. तो केला जॉन ऱ्हीस-डेव्हिसनं. उंची १८५ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट एक इंच. नऊ जणांच्या टोळीत सगळ्यात उंच नट हाच, अन् यालाच बुटका केलं! येडेपणा वाटतो, पण हिशोब मांडून बघा. कथेचा नायक फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे आणखी एका ठेंगण्या जमातीतला. तो झालेला एलायजा वूड १६८ सेंटिमीटरचा. त्याचे दोन तृतीयांश केले की ११२, म्हणजे पावणेचार फुटांच्या आसपास. हॉबिट तेवढाच दिसायला पाहिजे. आता गिम्लीचे दोन तृतीयांश करा. १२३, चार फूट. बुटक्याला पण हेच माप बरोबर बसतं. म्हणून चार हॉबिट आणि गिम्ली एवढेच फ्रेममध्ये असले की कसलीही चलाखी लागत नाही. कॅमेरा लावा, शूट करा. त्याच्या जागी साडेपाच फुटांचा नट घेतला असता, तर तो हॉबिटांच्या शेजारी त्यांच्याएवढाच दिसला असता. मग त्याच्यासाठी तिसरं माप आलं असतं. हां, त्या मेकअपची ॲलर्जी होऊन बिचाऱ्याच्या डोळ्यांभोवती सुजायचं, ते वेगळं.

बाकी निवडीचं थोडक्यात. टोळीतला योद्धा ॲरागॉर्न आधी स्टुअर्ट टाऊनसेंड करणार होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये शूटिंग सुरू होता होता त्याला बदललं आणि विगो मॉर्टेनसेन आला. त्याच्या मुलाला पुस्तक माहीत होतं, त्यानंच बापाच्या मागं लागून होकार द्यायला लावला. एलायजा वूडनं तर हॉबिटचा वेश करून, झाडीत जाऊन स्वतःचीच व्हिडिओ टेप बनवून पाठवली होती.

[ओसरी. फोन स्टँडवर]

आता मुद्द्याचं. ज्याला गॅन्डाल्फ, म्हणजे सिनेमातला उंच जादूगार करायचंय त्याला कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर बसवा. ज्याला हॉबिट करायचंय त्याला नऊ फुटांवर. सहा भागिले नऊ, दोन तृतीयांश. मागचा बरोबर तेवढाच दिसणार. खरी कसरत मधले तीन फूट लपवण्यात आहे.

मध्ये टेबल पाहिजे असेल तर ते दोन तुकड्यांत करावं लागतं. मागचा तुकडा दीडपट. पुढची फळी एक इंच जाड, तर मागची दीड इंच. उंचीचं पण गणित आहे. लेन्स पुढच्या फळीच्या एक फूट वर असेल, तर मागची फळी लेन्सच्या दीड फूट खाली पाहिजे, म्हणजे पुढचीपेक्षा अर्धा फूट खाली. हे चुकलं की मागचा गडी हवेत बसल्यासारखा दिसतो. पळवाट सांगतो. लेन्सच फळीच्या पातळीला आणा, दोन्ही कडा एका रेषेत येतील. कपांचं पण तसंच. घर हॉबिटचं, म्हणजे पाहुण्यालाही कप हॉबिटचाच मिळणार. म्हणून पुढच्याच्या हातात कटिंगचा ग्लास, मागच्याच्या हातात त्याच्या दीडपट उंच पेला.

पोरं हे करायलेत अन् जमंना म्हणायलेत, तर तीन गोष्टी बघा. पोर्ट्रेट मोड चालू असतो, त्यात मागचा धूसर होतो अन् सगळं बिंग फुटतं. साधी वाइड लेन्स वापरा, उजेड भरपूर ठेवा. दुसरं, तिरपं ऊन. सावल्या जमिनीवर लांब पडतात आणि मधली मोकळी जागा उघडी पाडतात, सावलीत बसा. तिसरी नजर, अन् सगळ्यात जास्त हीच फसते. दोघं खरोखर एकमेकांकडं बघायला लागले की पडद्यावर भलतीकडंच बघतात. पुढच्यानं सरळ बाजूला, रिकाम्या जागेकडं बघायचं. तिथं भिंतीवर एक टिकली चिकटवा, नजर तिथंच ठेवायला सांगा. आणि वस्तू हातातून हातात द्यायची नाही, तीन फूट हात कुणाचाच पुरत नाही.

कॅमेरा हलवला की हे सगळं कोसळतं, कारण जवळचं भराभर सरकतं अन् लांबचं हळू. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमनं यावर तोड काढली. एका नटाला टेबलाच्या तुकड्यासकट सरकत्या फळ्यावर बसवलं आणि कॅमेरा जसा सरकेल तसा तो फळा यंत्रानं हिशोबात सरकवला. पुन्हा बघताना फ्रोडो आणि गॅन्डाल्फ टेबलाशी बसलेले बघा, कॅमेरा हलतोय तरी मापं ढळत नाहीत.

मिठी मारायची असेल तर मात्र बदली माणूसच लागतो. फ्रोडोचा बदली होता आपला भारतीय वंशाचा किरण शाह, उंची १२६ सेंटिमीटर. उंच लोकांचा बदली पॉल रँडल, सात फूट एक इंच. एकाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याची पाठ असते. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक मिठीत तेच दिसायला लागतं, आधीच सांगून ठेवतो.

उंचीशी संबंध नाही, पण क्रिकेटवाल्यांसाठी सांगायलाच पाहिजे. दुसऱ्या भागातल्या राक्षसी फौजेची आरोळी वेलिंग्टनच्या स्टेडियमवरची आहे. फेब्रुवारी २००२, न्यूझीलंड-इंग्लंड वनडे, दोन डावांमधली सुट्टी. जॅक्सन मैदानात उतरला आणि स्क्रीनवर शब्द दाखवून सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांकडून त्या फौजेच्या भाषेत ओरडून घेतलं.

[पुन्हा स्टुडिओत]

शेवटची जागा पहिल्या भागात. बिल्बो नावाच्या हॉबिटाचं घर दोन मापांत बांधलं होतं. हॉबिटांसाठी मोठं, गॅन्डाल्फसाठी त्याच्यापेक्षा ३३ टक्के लहान, आणि आतली पुस्तकं-भांडीसुद्धा दोन-दोन मापांची. गॅन्डाल्फ आत येतो, झुंबराला डोकं आपटतं, तो वळतो अन् धाडकन तुळईला आदळतो. ते दुसरं आदळणं पटकथेत नव्हतं. गॅन्डाल्फ झालेल्या इयन मॅकेलनला खरंच लागलं, आणि त्यानं भूमिका न सोडता तसंच पुढं रेटलं. तिथं व्हिडिओ थांबवा आणि तुळई बघा, त्याच्या कपाळाच्या बरोबर समोर आहे.