पाचशे बारा केबीची फाइल

सुरुवात एका फाइलच्या नावापासून करतो. एससीपीएच१००१ डॉट बिन. मागे दोघातिघांनी मान हलवली, म्हणजे तुम्हीपण शोधलीय ती.

चिपळूणला आमच्याकडे पेंटियम फोर होता, सोनीचं प्लेस्टेशन आमच्या आळीत एकाकडेही नव्हतं, आणि टेकन ३ तर सगळ्यांनाच खेळायचा होता. एका मित्राने सीडीवर ईपीएसएक्सई आणून दिलं, म्हणजे एम्युलेटर, कॉम्प्युटरला प्लेस्टेशनसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम. उघडलं तर ते आधी विचारतं बायोस कुठाय, म्हणजे मशीन सुरू करणारा कोड. मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोडून मोडून ती ५१२ केबीची फाइल मिळवली, फ्लॉपीवर घातली, घरी पळत आलो, आणि पांढऱ्या स्क्रीनवर तो केशरी लोगो उमटला आणि तो घुमणारा आवाज आला ना, तो आवाज आजही ऐकला की मला आमची ती खोली दिसते.

ती फाइल म्हणजे सोनीने लिहिलेला कोड, मशीनच्या चिपमधला. ती अशी नेटवरून उचलणं चूकच होतं, ते मान्य करूनच पुढे बोलतो. पण एम्युलेटर आणि बायोस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कोर्टात सिद्ध करायला एका छोट्या कंपनीला फार किंमत मोजावी लागली.

कॅलिफोर्नियातली कनेक्टिक्स. जानेवारी १९९९ मध्ये मॅकवर्ल्ड मेळाव्याच्या स्टेजवरून ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने त्यांचा एम्युलेटर दाखवला, व्हर्च्युअल गेम स्टेशन, ४९ डॉलरमध्ये मॅक कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनचे गेम. त्याच महिन्यात सोनीने केस टाकली. आता कनेक्टिक्सवाल्यांनी काय केलं होतं, तर सोनीचं बायोस चिपमधून काढून, चालवून, ते कसं वागतं हे बघत बघत आपलं स्वतःचं बायोस लिहिलं. विकलेल्या प्रॉडक्टमध्ये सोनीची एक ओळ नव्हती. सोनी म्हणाली, पण अभ्यास करताना तुम्ही पुन्हा पुन्हा कॉपी केलीत ना! खालच्या कोर्टाने विक्री थांबवली. मग १० फेब्रुवारी २०००ला अपील कोर्टाने ते उलटवलं, म्हणालं की आतलं काम समजून घ्यायला केलेली मधली कॉपी चालते, आणि कॉप्या कमी व्हाव्यात म्हणून इंजिनियरला लांबचा रस्ता घ्यायला लावणं हे कॉपीराइटचं काम नव्हे. मला हा निकाल फार मोठा वाटतो, म्हणजे शिकण्याचा हक्कच दिलाय त्याने.

आणि झालं काय? २००१ मध्ये सोनीने ते प्रॉडक्टच विकत घेतलं आणि बंद केलं. दुसरे ब्लीमवाले, तसाच एम्युलेटर विकणारे, तेपण सोनीशी कोर्टात लढले, त्याच वर्षी संपले. मला ह्याचं आजही वाईट वाटतं.

पुढे भांडण बायोसवरून किल्लीवर गेलं. निन्टेन्डोच्या स्विच मशीनचे गेम एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, युझू नावाचा एम्युलेटर ते चालवताना उघडायचा, किल्ल्या ज्याने त्याने आपल्या मशीनमधून काढायच्या. २६ फेब्रुवारी २०२४ला निन्टेन्डोने युझूवाल्यांवर केस टाकली ती असं कुलूप तोडण्याविरुद्धच्या अमेरिकन कायद्याखाली, आणि आठवडाभरात २४ लाख डॉलरवर समझोता झाला, सोबत सिट्रा हा त्यांचा दुसरा एम्युलेटरपण बंद. झेल्डाचा नवा गेम रिलीजच्या आधीच १० लाखांवर वेळा डाउनलोड झाला असं निन्टेन्डोचं म्हणणं होतं, आणि तसं झालं असेल तर त्यांचा राग मी समजू शकतो. पण समझोता म्हणजे निकाल नाही हो. स्वतःच्या मशीनमधली किल्ली वापरून स्वतः विकत घेतलेला गेम उघडला तर काय, ह्याचं उत्तर त्या केसमध्ये कुणी दिलेलंच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ला आलेल्या कलम ६५अ मध्ये निदान हेतू बघितलाय, हक्क मोडायच्या हेतूने कुलूप फोडलं तर गुन्हा.

हे सगळं मला इतकं का लागतं सांगतो. मामाने दुबईहून ओरिजिनल सीडी आणल्या होत्या, दोन. कोकणातला पावसाळा, माळ्यावरचा डबा. मध्ये काढून बघितल्या तर बुरशी, आणि उजेडाकडे धरलं तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. एक गेलीच. दुसरीची मी कॉलेजात असताना इमेज, म्हणजे कॉम्प्युटरवर हुबेहूब कॉपी, करून ठेवली होती, ती परवा भाचीला लावून दिली, रात्री दीडपर्यंत खेळत होती.