तीनशे कोटी आणि शेवटची ओळ

अध्यक्ष महाराज आणि नाशिककरांनो, पत्रिकेत विषय छापलाय 'अमली पदार्थ आणि माध्यमांची जबाबदारी'. जबाबदारी म्हटलं की पहिल्या दोन रांगा पेंगतात, तेव्हा आधी माझी तक्रार ऐका.

ऑक्टोबर 2023. शिंदे गाव आठवतंय ना? आपल्या नाकाखाली एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग, बनत होतं आणि ते शोधायला साकीनाक्याहून मुंबईचे पोलीस आले. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे एकच मथळा : तीनशे कोटी! टपऱ्यांवर आठवडाभर हाच आकडा. आमचा भाचा म्हणाला, "मामा, मग द्राक्षात काय ठेवलंय?" हसा, हसा. पोरगं गंमतीनं बोललं, पण धंद्याची याहून चांगली जाहिरात कोण करणार?

त्या सुमारास एका दैनिकाला मी लेख दिला. शेवटी एकच ओळ होती : घरात कुणी व्यसनात अडकलं असेल तर 14446 वर फोन करा. सरकारी हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. लेख आला, माझा फोटोही आला, वीस वर्षांपूर्वीचा. ओळ गायब! फोन केला तर उत्तर, "सर, जागा नव्हती." लेखाखाली बघतो तर वशीकरणवाल्या बाबाची जाहिरात, त्यात बाबाचा नंबर दोनदा! मी खरमरीत पत्र धाडलं. त्यांनी ते मोठ्या मनानं छापलं... 14446 तेवढा वगळून. बायको म्हणाली, आता बाबालाच फोन करा, तोच छापून आणेल.

चिठ्ठी आली वाटतं. पाच मिनिटं? पलीकडे मिसळ थंड होतेय, समजलं.

तर मुद्दा. अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर, लिहिलं, त्यात मालाचा भाव नव्हता, गर्द ओढणारी मुलं होती, त्यांची घरं होती. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला धावले आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आज आपण काय छापतो? पाकिटं मांडलेलं टेबल आणि मागे उभे साहेब.

एमडी शेतात उगवत नाही, रसायनांतून बनतं. म्हणजे शेड कुणाची, भाडेकरार कुणाच्या नावावर, रसायन कुठल्या बिलावर आलं, हे स्थानिक वार्ताहरानं विचारायचं. धाडीला दहा कॅमेरे असतात, निकालाच्या दिवशी एकही नसतो. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, झडतीचे नियम कडक आहेत. कलम 50 पाळलं नाही म्हणून आरोपी सुटतो, तेव्हा चूक कुठे झाली ते कोण लिहितं? आणि कलम 64अ : थोडा माल जवळ बाळगून स्वतः नशा करणारा आपणहून उपचाराला गेला तर कायदा त्याला खटल्यापासून संरक्षण देतो. आईबापांना हे ठाऊकच नसतं, ती पोराला लपवत बसतात. विकणाऱ्याची खबर द्यायला 1933 हा नंबर आहे, नाव गुप्त राहतं. हे चौकटीत रोज छापा, दोन इंच जागा लागते.

सोशल मीडियाचं राहिलंच. असो, प्रश्न घेऊ. मागच्या काकांना माइक द्या, ते मघापासून हात वर करून बसलेत.