लेथभोवती चार जण

श्रोतेहो, नमस्कार.

इजिप्तमध्ये तुना अल-गेबेल इथे पेटोसायरिस नावाच्या पुरोहिताची समाधी आहे, साधारण इसवी सन पूर्व 300 च्या सुमाराची. तिच्या भिंतीवरच्या कोरीव दृश्यांत एका ठिकाणी लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या साधनावर, काम चाललेलं दिसतं. लेथच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक. त्यात माणसं दोन आहेत. एक जण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवतोय आणि दुसऱ्याच्या हातात हत्यार आहे. एकट्याने ते काम होण्यासारखं नव्हतंच. पुढे पायाने दाबायची फळी आणि वर लवचीक काठी असलेला लेथ आला, मोठ्या चाकाचा लेथ आला, आणि शेवटी विजेची मोटर आली. दोरी ओढणाऱ्याची गरज संपली. काम वेगवान झालं, पण लेथपाशी उभा राहणारा माणूस एकटा पडला.

त्या दुसऱ्या माणसाला परत बोलवावं, असं मला फार वाटतं. म्हणून आज बोलायचं आहे ते लाकूड कातणाऱ्या हौशी मंडळींनी अधूनमधून एकत्र जमण्याबद्दल. संमेलन नको, शिकवणी वर्गही नको. कुणाच्या तरी कार्यशाळेत, एखाद्या सुट्टीच्या सकाळी, एका लेथभोवती चार जण उभे आहेत आणि आळीपाळीने हत्यार हातात घेत आहेत, एवढंच.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. करवत आणि रंधा चालवताना लाकूड जागेवर असतं आणि हत्यार फिरतं. लेथवर लाकूड फिरतं, आणि आपण हत्यार एका आडव्या लोखंडी टेकूवर ठेवून त्याची धार लाकडाला लावतो. भोवरा, जिन्याच्या कठड्याचे गोल खांब, खुर्चीचे कातीव पाय, वाडगे, डब्या, पेनाची नळी या सगळ्या वस्तू अशाच होतात. ऐकायला सोपं आहे. एखाद्या जाणकाराला करताना पाहिलं तर त्याहून सोपं वाटतं. अडचण सुरू होते ती आपल्या हातात हत्यार आल्यावर.

स्क्यू चिझलचंच घ्या. तिरक्या धारेची ही पटाशी. नीट चालली तर लाकडाच्या लांब, पातळ साली निघतात आणि मागे राहणारा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की पॉलिश पेपर लावायची इच्छा होत नाही. पण धारेची फक्त खालची आणि मधली बाजू लाकडात असली पाहिजे. वरचं लांब टोक लाकडाला शिवलं की लाकूड ते टोक पकडतं, हत्यार हिसका मारतं, आणि नुकत्याच गुळगुळीत केलेल्या दांड्यावर एका क्षणात नागमोडी चर उमटतो. हा हिसका खाऊन कित्येक जण स्क्यू कायमची खणात ठेवून देतात. माझ्या मते ही फार मोठी हानी आहे, कारण लेथवरच्या हत्यारांत इतकं सुंदर काम करणारं दुसरं हत्यार नाही.

हे व्हिडिओ पाहून शिकता येत नाही का? काही अंशी येतं. आज चांगले व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि मीही ते पाहतो. पण कॅमेरा हत्याराच्या टोकावर रोखलेला असतो, आणि चूक बहुतेक वेळा टोकाशी नसतेच. कोपर हवेत लटकत असतं. हत्याराच्या मुठीचा शेवट कमरेला टेकलेला नसतो. पाय जवळजवळ ठेवल्यामुळे हाताबरोबर शरीर सरकू शकत नाही. मूठ इतकी आवळलेली असते की लाकूड काय सांगतंय ते बोटांना कळत नाही. हे सगळं शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतं आणि तो सांगतो, ‘‘कोपर अंगाला लाव. आता हाताने ढकलू नकोस, गुडघ्यातून सरक.’’ एवढ्यावरच पुढची फेरी बदलते.

त्याच्याही पुढची एक पायरी आहे, ती कुठलाच पडदा दाखवू शकत नाही. जाणता माणूस मागून आपला हात शिकणाऱ्याच्या मुठीवर ठेवतो. हत्यार आधी टेकूवर टेकतं. मग धारेमागचा उतार, म्हणजे बेव्हल, फिरत्या लाकडावर नुसता घासत राहतो, काहीच कापलं जात नाही. मग हत्याराची मूठ हळूहळू वर उचलायची, आणि एका विवक्षित कोनात पहिली साल सुटते. टेकू, बेव्हल, काप, हा क्रम सगळीकडे सांगतात. पण बेव्हल टेकलाय म्हणजे हाताला नेमकं काय जाणवतं, हे शब्दांत पकडणं कठीण. एकदा दुसऱ्याच्या हाताखाली ते जाणवलं की मग ते आपलं होतं.

रेडिओवर मी तुम्हाला लेथ दाखवू शकत नाही, पण या कामातलं एक मोठं ज्ञान कानाचंच आहे, आणि ते सांगायला रेडिओइतकी चांगली जागा नाही. धारदार हत्यार योग्य कोनात चाललं की कागद सावकाश फाडावा तशी सलग सळसळ येते. ती खरखरीत झाली की धार गेली किंवा बेव्हल सुटला. दर फेरीला एक ‘टिक’ ऐकू येत असेल तर मोटर ताबडतोब बंद करायची, कारण लाकडात भेग असू शकते किंवा कुठला तुकडा सुटायला आलेला असतो. वाडगा आतून कोरताना भिंत पातळ होत जाते तसा आवाजाचा सूर बदलतो, आणि मुरलेले लोक त्यावरून जाडीचा अंदाज घेतात. लेथवर चढवण्याआधी ओंडका ठोकून पाहतात तेही याचसाठी. घट्ट लाकूड खणखणतं, आतून तडकलेलं बद्द वाजतं. एकट्याने शिकणाऱ्याला हे आवाज ऐकू येतात, पण कुठल्या आवाजाचा अर्थ काय हे सांगायला शेजारी कुणी नसतं. चार जण जमले की कोणीतरी हात वर करून म्हणतं, ‘‘थांब, ऐकलंस का?’’ आणि चौघांचे कान एकदम तयार होतात.

माझं ऐकाल तर अशा भेटीतला निम्मा वेळ ग्राइंडरपाशी घालवा. कातण्यातल्या बहुतेक तक्रारी मुळात धारेच्या असतात. बोथट हत्यार कापत नाही, म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की हत्यार घसरतं, आणि दोष मात्र लाकडाला मिळतो. धार दिव्याखाली धरून पाहा. कडेवर चकाकणारी रेघ दिसली तर ती बोथट आहे, कारण खऱ्या तीक्ष्ण धारेला प्रकाश परतवण्याइतकी जाडीच नसते. परजताना आणखी एक साधी युक्ती आहे. बेव्हलवर मार्कर पेनाने रंग द्या, ग्राइंडर बंद ठेवून चाक हाताने जरासं फिरवा आणि रंग कुठे खरवडला ते पाहा. फक्त टाचेकडचा, म्हणजे धारेपासून लांबच्या कडेचा, गेला किंवा फक्त धारेकडचा गेला, तर कोन जुळलेला नाही. सबंध बेव्हलवरचा गेला की मग मोटर सुरू करा. प्रत्येकाने आपापली हत्यारं आणली तर आणखी एक गोष्ट घडते. एकाच जातीच्या गाउजला, म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट पटाशीला, चौघांनी चार तऱ्हांनी धार लावलेली असते आणि चारही चालतात! कोणाचा बेव्हल 40 अंशांचा, कोणाचा 60 चा. उथळ थाळीला एक बरा पडतो, खोल वाडग्याच्या तळाला दुसरा. हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय पटत नाही.

अशा गोष्टी माणसाकडून माणसाकडेच जातात. अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ यांनी गाउजचे दोन्ही पंख, म्हणजे धारेच्या दोन बाजू, मागे ओढून धार लावण्याची जी तऱ्हा रूढ केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि प्रात्यक्षिकांतून, कार्यशाळांतून दूरदूर पोचली. 1986 साली तिथे लाकूड कातणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा तेच तिचे पहिले अध्यक्ष होते. आज त्या संघटनेच्या शेकडो स्थानिक शाखा आहेत, आणि शाखा म्हणजे बहुतेक ठिकाणी हेच: ठरावीक दिवशी एकत्र जमणं, एकाने करून दाखवणं, बाकीच्यांनी प्रश्न विचारणं. मला संघटनेपेक्षा तिच्या मुळाशी असलेली छोटी बैठक जास्त महत्त्वाची वाटते. नोंदणी, पदाधिकारी, वर्गणी यांच्या मागे लागण्याआधी बैठकच सुरू करावी.

आणखी एक आग्रह. येताना प्रत्येकाने दोन वस्तू आणाव्यात, एक जमलेली आणि एक बिघडलेली. दोन्ही टेबलावर ठेवायच्या. बिघडलेली वस्तू जास्त शिकवते. समजा, एका वाडग्याच्या आत समोरासमोर दोन जागी लाकूड खरबरीत उपटलंय. दोनच जागी का? कारण फळीसारख्या आडव्या लाकडातून वाडगा कोरताना दर फेरीत दोनदा तंतूंची टोकं धारेसमोर येतात. उपाय दिशेत आहे. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जायचं आणि आतून काठाकडून तळाकडे, म्हणजे तंतूंना मागून आधार मिळतो. खांबासारख्या उभ्या कामात मात्र जाड भागाकडून बारीक भागाकडे. दुसऱ्या कोणाचा वाडगा सुंदर झाला होता, पण काही आठवड्यांत लंबगोल झाला. तो ओल्या लाकडाचा होता. लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की ते आक्रसू लागतं, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते जितकं आक्रसतं त्याच्या जेमतेम निम्मं गाभ्याकडून सालीच्या दिशेने. मग गोल गोल कसा राहणार? म्हणून ओला वाडगा आधी जाड कातून ठेवतात. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 10 इंची वाडग्याला 1 इंच. तंतूंची टोकं उघडी पडतात तिथे मेण लावायचं, काही महिने सावलीत सुकू द्यायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचं. टेबलाभोवती हे बोलणं निघालं की पुस्तकात वाचलेला नियम एकदम डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण तो वाकडा वाडगा हातातच असतो.

टीका कशी करावी याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याची वस्तू, त्याने विचारल्याशिवाय कोणी दोष काढू नये, आणि विचारल्यावर कोणी गुळमुळीत बोलू नये. ‘छान आहे’ या शब्दांनी कुणाचा हात सुधारत नाही. ‘‘बूड जड वाटतंय, वळण मधेच मोडलंय, इथे बोट फिरवून बघ,’’ हे उपयोगाचं. डोळे मिटून वळणावरून बोट फिरवलं की डोळ्याला न दिसलेला उंचवटा सापडतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र विचारण्याची वाट पाहायची नाही, तिथे कुणीही कुणालाही थांबवावं. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. हातमोजे नकोत, सैल बाही नको, लांब केस आणि ओढणी बांधलेली हवी, कारण फिरतं लाकूड कापडाचं टोक पकडलं तर सोडत नाही. वेगासाठी एक ठोकताळा आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार 6,000 ते 9,000 च्या दरम्यान ठेवावा. म्हणजे 10 इंची वाडगा 600 ते 900 फेऱ्यांवर. ओबडधोबड, तोल न साधलेला ओंडका असेल तर त्याहूनही हळू. हाच 10 इंची ओंडका चुकून 3,000 फेऱ्यांवर सुरू झाला तर त्याची कड ताशी जवळजवळ 144 किलोमीटरने धावते. म्हणून बटण दाबण्याआधी वेग तपासायचा, लाकूड हाताने एक फेरी फिरवून बघायचं आणि सुरू करताना त्याच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं. बघणाऱ्यांनीही त्या रेषेत उभं राहू नये. गर्दीत हे नेमकं विसरलं जातं. आणि धूळ! लाकडाची बारीक धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच कर्करोगकारक ठरवली आहे. पॉलिश पेपर चालू असताना मास्क सर्वांनी लावावा, फक्त लेथवरच्याने नाही. जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हे सगळं जमवायला फार माणसं लागत नाहीत. तीन जणही पुरतात. दहाच्या वर गेले तर दुसरा लेथ हवा, नाहीतर मागच्यांना फक्त पाठी दिसतात. पहिल्या भेटीला एकच काम ठरवा, साधा भोवरा. छोटा तुकडा, थोडा वेळ, आणि टोक मधोमध आलं की नाही ते फिरवून लगेच कळतं. लेथवर सर्वांत नवख्याला आधी उभं करा. उलट क्रम लावला तर जाणत्यांचं काम बघून तो बुजतो आणि आपली पाळी टाळतो. ज्याच्याकडे अजून लेथ नाही, त्यालाही आवर्जून बोलवा. कुठला लेथ घ्यावा, मुळात घ्यावा का, हे त्याला जाहिरातीपेक्षा तिथे जास्त चांगलं समजेल. निघताना लाकडांची अदलाबदल करा. एकाकडे पडून असलेला ओंडका दुसऱ्याला हवाच असतो. त्यावर झाडाचं नाव आणि तोडल्याची तारीख खडूने लिहून द्या, घेणाऱ्याला तो किती ओला आहे याचा अंदाज येतो.

पुढची भेट कोणाकडे, हे मात्र त्याच दिवशी, सगळे समोर असताना ठरवा. नमस्कार.