नऊ स्क्रू

(दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला लॅपटॉप. स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात.)

नऊ स्क्रू. सैल केले तरी एकही खाली पडत नाही. झाकणातच लटकून राहतात. हरवू नयेत म्हणून केलेली सोय आहे ती. पुढेमागे कुणीतरी हा लॅपटॉप उघडणार, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात होतं.

लॅपटॉप माझा, २०१६ सालचा. हात माझ्या मित्राचे. चेहरा दाखवायचा नाही या अटीवर तो तयार झाला, त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला फक्त हातच दिसतील.

आता नख घालून झाकण उचलायचं. कडेकडेने टक, टक, टक असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो, पण मोडलेलं काही नसतं. प्लास्टिकच्या खिट्ट्या सुटतात, इतकंच.

(दृश्य: उघडा लॅपटॉप, वरून.)

मधोमध रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, दोन पट्ट्या. दोन्ही बाजूंचे चाप बोटांनी बाहेर ढकलले की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. बघा, उठली. खाली बॅटरी, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. आणि हा पंखा. पात्यांच्या मागे धुळीचा जो करडा थर दिसतोय, तो चिमट्याने एकसंध निघाला, चिंधीसारखा. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडू झालेली. ती पुसली, नवी थेंबभर लावली, जुनी बॅटरी काढून नवी बसवली. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, त्यात फोकस चुकला म्हणून दोनदा केलेले शॉटही आले.

(दृश्य: जुन्या सर्किट आकृत्यांची पानं.)

एके काळी यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. १९७७ च्या ॲपल टूचं झाकण कुठल्याही हत्याराशिवाय हातानं उचलता यायचं. आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तकात सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, अख्खा कोडही छापलेला होता. उदारपणा वगैरे काही नाही. इतरांनी मशीनमध्ये बसणारी कार्डं बनवावीत, सॉफ्टवेअर लिहावं, म्हणजे मशीन खपेल, असा हिशेब होता. कोडवरचा हक्क मात्र आयबीएमने स्वतःकडेच ठेवला. म्हणून नक्कल करणाऱ्यांना तो कोड कधीच न पाहिलेल्या माणसांकडून तसंच काम करणारा नवा कोड लिहून घ्यावा लागला. ती गंमत वेगळ्या फिल्मची. आज ज्याला आपण पीसी म्हणतो तो सगळा पसारा त्या उघड्या झाकणातून बाहेर पडला.

(दृश्य: दुसरा लॅपटॉप, अगदी पातळ. रबरी पाय उचकटले जातात.)

हा दुसरा. बराच नवा. स्क्रू कुठे आहेत? रबरी पायांखाली. पाय उचकटले की गोंद ताणला जातो, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. आत बॅटरी आहे, पण तिला स्क्रू नाही. गरम हवा द्यायची, प्लास्टिकची चपटी पट्टी कडेने सरकवायची, थांबायचं, पुन्हा हवा. लिथियमची बॅटरी वाकली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते, म्हणून धातूचं काही वापरायचं नाही. तुम्ही जे चाळीस सेकंदांत बघताय त्याला एक तास दहा मिनिटं लागली. मित्राच्या मानेचा विचार करा.

आणि रॅम? हे चार काळे चौकोन. बोर्डावरच डाग देऊन टाकलेले. विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच, शेवटपर्यंत.

ॲपलने २०१२ साली रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला, त्यात रॅम डाग दिलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. उपकरणं उघडून बघणाऱ्या आयफिक्सिट कंपनीने त्याला दुरुस्तीच्या सोपेपणासाठी दहापैकी एक गुण दिला. बाकीचे हळूहळू त्याच वाटेने गेले. यामागे तांत्रिक कारण आहे, ते सांगायलाच हवं: रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितकी ती कमी विजेत वेगाने चालते. पण २०२३ च्या डिसेंबरात कॅम टू नावाचं मानक आलं, त्यात अशा प्रकारची रॅमसुद्धा स्क्रूने बसते. आणि फ्रेमवर्क कंपनीचा २०२१ चा लॅपटॉप सोळा मिलिमीटरपेक्षा पातळ होता, तरी आयफिक्सिटने त्याला दहापैकी दहा दिले. लॅपटॉप पातळ हवा तर असंच करावं लागतं, ही सबब मला तरी पटत नाही.

(दृश्य: फोन उघडला जातो. पडद्यावर कायद्यातला मजकूर.)

गोंदापर्यंत ठीक होतं म्हणायचं, हवा देऊन तो सुटतो तरी. पुढचं कुलूप सॉफ्टवेअरचं. प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असतो आणि मुख्य बोर्ड तो तपासतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग काढून बसवला, तरी तो परका ठरू शकतो.

कायद्याचं चित्रण करता येत नाही, म्हणून मजकूरच दाखवतोय. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये या प्रकारावर बंदी घातली. ॲपलने विरोध केला, गुगलने पाठिंबा दिला. न्यूयॉर्कचं दुरुस्तीच्या हक्काचं विधेयक जून २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं होतं. राज्यपालांची सही व्हायला डिसेंबर उजाडला, आणि तोवर त्याचे बरेचसे दात काढून झाले होते. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे. पळवाटा आहेतच.

लॅपटॉपलाही सॉफ्टवेअर आडवं येतं. विंडोज टेनला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१६ सालचे इंटेलचे प्रोसेसर विंडोज इलेव्हनच्या यादीत नाहीत. सुरक्षेचे अपडेट त्यानंतर आणखी वर्षभर मिळायची सोय ठेवली गेली. ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर युरोपात ती फुकट झाली. इतरांनी पैसे तरी मोजायचे, मायक्रोसॉफ्टचे बक्षीस-पॉइंट तरी खर्चायचे, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायचा. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. पंखा आता ऐकूसुद्धा येत नाही.

(दृश्य: कचऱ्याचा ढीग.)

२०२२ साली जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

(दृश्य: फोनचा पडदा, अगदी जवळून.)

हा माझा फोन. बॅटरी बदललेली, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधून काढलेली. चार्ज होतोय, गरम होत नाही, दिवसभर पुरतोय. सेटिंग्जमध्ये मात्र एक ओळ आली आहे: हा भाग ओळखता आला नाही.

मी मित्राला विचारलं, ही ओळ काढता येईल का रे?

(दृश्य: हात. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला जातो.)