भाड्याची स्कूटर आणि पायी चालणाऱ्यांची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

कुर्ला स्टेशनातून बाहेर पडून वांद्रे-कुर्ला संकुल गाठताना सकाळी काय हाल होतात, ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको. शेअर रिक्षाची रांग, त्यात पाऊस, आणि ऑफिसात हजेरीची वेळ ठरलेली. लोकलने अख्खी मुंबई पार करून आलेला माणूस शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला अडतो. २०२० साली एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, या संकुलात भाड्याच्या छोट्या विजेच्या दुचाक्या आणल्या, त्या याच अडचणीसाठी. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कुलूप उघडतं. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर आपल्या कायद्यानुसार लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. त्यामुळे शहरात नुकताच आलेला, गाडीचा हप्ता न परवडणारा मुलगा अशी गाडी भाड्याने घेऊन घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो, चार पैसे कमावतो. हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

त्रास सुरू होतो तो गाडीवरून उतरल्यावर. गाडी आपली नसते, म्हणून ती कुठे उभी केली याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. फुटपाथवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी असते ना, ती दृष्टिहीनांना काठीने किंवा पायाने वाट कळावी म्हणून. नेमकी त्याच पट्टीवर आडवी लावलेली स्कूटर मी पाहिली आहे. काठी चाकाला लागेपर्यंत हँडल पोटात बसतं. आणि बाबागाडी ढकलणारी आई, वॉकर घेऊन निघालेले आजोबा? त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं, थेट बसच्या पुढ्यात.

पॅरिसने याच कटकटीला कंटाळून टोकाचा निर्णय घेतला. तिथे उभ्याने चालवायच्या सुमारे १५,००० भाड्याच्या स्कूटर होत्या. पालिकेने वेगावर मर्यादा घातली, पार्किंगच्या जागा आखून दिल्या, तरी लोकांचा राग गेला नाही. २ एप्रिल २०२३ ला मतदान झालं, ८९ टक्के मतं विरोधात पडली आणि सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. मतदानाला आले होते मात्र जेमतेम साडेसात टक्के मतदार! एवढ्यावर अशी सोय मोडीत काढणं मला पटत नाही.

आपल्याकडे ती वेळ येऊ नये. रस्त्याकडेला एक मोटार उभी राहते, तेवढ्या जागेत चार-पाच स्कूटर सहज मावतात. स्टेशनाबाहेर अशा जागा मोटारींकडून काढून घ्या, फुटपाथकडून नको. आखलेल्या जागेत गाडी लागेपर्यंत भाडं चालूच राहील, अशी अट पालिकेने कंपन्यांना घालावी. तुमच्या भागात ही जागा कुठे हवी, ते वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. आणि आज संध्याकाळी अशी गाडी घेतलीत, तर सोडताना ती फुटपाथच्या खाली, स्टँडवर नीट उभी करा.