ताल तळ्याच्या काठावर म्हावरा कंचा गावतो?

मनिलापासून साधारण 60-70 किलोमीटरवर, फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतात ताल नावाचं तळं आहे. तळ्यात एक बेट, बेटावर जिवंत ज्वालामुखी, आणि त्याच्या तोंडात अजून एक छोटं तळं. ड्रोनमधून भारीच दिसतं. पण आपण खाली काठावर जाणार आहोत, तालिसाय, लॉरेल, आगोनसिल्यो, सान निकोलास या गावांत.

असंच ड्रोनचं फुटेज वर्सोव्याच्या एका मावशींना दाखवलं, तर धुराकडे त्यांचं लक्षच नाही, होड्या बघून पहिला प्रश्न, "म्हावरा कंचा गावतो रं तिथं?" मला वाटतं सुरुवात इथूनच करायला पाहिजे.

तर म्हावरा म्हणजे ताविलिस. आपल्या तारलीच्याच खानदानातली, बोटभर लांबीची, चांदीसारखी मासळी. तारली समुद्रातली, पण ही गोड्या पाण्यात राहते आणि जगात फक्त या एका तळ्यात सापडते. हे तळं आधी समुद्राला जोडलेलं होतं, 1754 साली ज्वालामुखी कित्येक महिने धुमसत राहिला, राखेने आणि दगडांनी समुद्राकडचा रस्ता अरुंद झाला, काठावरची जुनी गावं उठून दुसरीकडे वसली आणि पाणी हळूहळू गोडं होत गेलं. म्हणजे ज्या डोंगराने गावं उठवली त्यानेच आजचं हे तळं घडवलं. लोक काठ का सोडत नाहीत याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

भीती नाही असं अजिबात नाही हां. 1911 मध्ये 1,300 पेक्षा जास्त माणसं गेली. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे खालून आलेला तप्त रस पाण्याला भिडला की तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखी एकदम वाफ होते, आणि मग स्फोट. 1965 मध्ये राख आणि वाफेचा लोट वर जायच्या ऐवजी आडवा, तळ्याच्या पाण्यावरून सुसाट पलीकडच्या गावांवर गेला. असा लोट कसा धावतो हे शास्त्रज्ञांना नीट समजलं ते या उद्रेकातून.

1977 पर्यंत उद्रेक होत राहिले, मग 43 वर्षं शांतता. 12 जानेवारी 2020, रविवार. दुपारी धूर सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत धोक्याची पातळी 1 वरून 4 वर, राखेच्या ढगात विजा, मनिलाचं विमानतळ बंद, लाखो लोक घराबाहेर, त्यातले कितीतरी छावण्यांत. वेळेत हलवल्यामुळे 1911 सारखं झालं नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी लोक होड्या घेऊन बेटावर परत जात होते, कारण घोडे तिथेच अडकले होते. टुरिस्टना डोंगरावर नेणारे ते घोडे म्हणजे घरची कमाई, ते टाकून कसं यायचं?

नंतर बेटावर राहायला बंदीच आली. हजारो लोक राहायचे तिथे. नवीन घर दिलं हे ठीक, पण पाणी लांब गेलं तर होडी कुठे लावायची आणि जाळं कुठे वाळवायचं? कोळीवाड्यात कोणालाही विचारा, हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

आणि खरं सांगायचं तर तळ्याला रोजचा त्रास ज्वालामुखीपेक्षा माणसांचा जास्त आहे. तिलापिया मासा पाळायचे पाण्यातले पिंजरे प्रमाणाबाहेर वाढले, उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, त्यात ऑक्सिजन संपतो, आणि कधी ते खालचं पाणी वर आलं की मासे ढिगाने मरतात, 2011 मध्ये असंच झालं. ताविलिसची तर इतकी मासेमारी झाली की 2019 मध्ये तिला संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. आता मार्च-एप्रिलमध्ये ती पकडायला बंदी असते. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरं केलं, पण त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरात पैसा कुठून येतो तेवढं विचार.