दहा महिने बंद, दोन महिने धावपळ: कार्यक्रमाची वेबसाइट कशात बांधावी

(पडद्यावर: मोबाइलवर कार्यक्रमाचं वेळापत्रक, खाली सरकणारं बोट)

वार्षिक कार्यक्रमाच्या वेबसाइटला वर्षातले जेमतेम दोन महिने काम असतं. उरलेले दहा महिने तिच्याकडे कुणी फिरकत नाही. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी साइट कशात बांधायची हे ठरवताना आधी विचार करायचा तो या दहा महिन्यांचा.

बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं वर्डप्रेसचं, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार प्रणालीचं. २००३ पासून ते चालू आहे, जाणकार सहज सापडतात आणि मजकूर फोनवरूनही बदलता येतो. पण कुणी पान उघडलं की सर्व्हरवर पीएचपी या भाषेतला प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर काढला जातो आणि मग पान तयार होतं. कार्यक्रमाच्या सकाळी शेकडो लोक एकदम आले की स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) मान टाकतं. कॅशिंग प्लगइन, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणारं जोड-साधन, लावलं की यातली बरीच अडचण सुटते.

(पडद्यावर: अपडेटची वाट पाहणाऱ्या प्लगइनची यादी)

खरा धोका शांततेच्या काळात. एखाद्या प्लगइनमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडते, दुरुस्तीही येते, पण लॉगिन करायला कुणी नसतं. पुढच्या वर्षी साइट उघडावी, तर कार्यक्रमाच्या नावाखाली जुगाराच्या लिंका. वर्डप्रेसच घ्यायचं असेल तर प्लगइन मोजकेच ठेवा, ऑटो-अपडेट चालू करा आणि बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका. होस्टिंगचं खातं बंद पडलं की तोही जातो.

दुसरा पर्याय स्टॅटिक साइटचा. पानं आधीच तयार असतात, सर्व्हर फक्त फाइल उचलून देतो. डेटाबेस नाही, त्यामुळे मागे कुणी नसतानाही फोडण्यासारखं फारसं काही उरत नाही. गिटहब पेजेस या सेवेवर अशी साइट स्वतःच्या डोमेनसह (म्हणजे स्वतःच्या नावाच्या पत्त्यासह) फुकट चालते. मर्यादा १ जीबीची, म्हणजे फोटोंचा ढीग तिथे नको. फोनवरचा फोटो ४-५ एमबीचा असतो. १६०० पिक्सेल रुंदी आणि ७५-८० क्वालिटीवर सेव्ह केला तर तो काहीशे केबीत बसतो.

इथेही एक ग्यानबाची मेख आहे. तयार पानं टिकतात, ती तयार करणारं साधन बिघडतं. शेकडो एनपीएम पॅकेजवर (इतरांनी लिहिलेल्या जावास्क्रिप्टच्या तुकड्यांवर) उभा असलेला प्रकल्प वर्षभराने नव्या लॅपटॉपवर बिल्ड होईलच, म्हणजे त्यातून पानं तयार होतीलच असं नाही. अशी पानं तयार करणाऱ्या ह्यूगो या साधनाचा प्रोग्रॅम एकाच फाइलचा असतो. ती फाइल आणि तिचा आवृत्ती क्रमांक जपून ठेवला की काम भागतं. पाच पानांच्या साइटसाठी रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणं हा निव्वळ हौसेचा मामला.

(पडद्यावर: स्प्रेडशीटमधली एक वेळ बदलते, काही वेळाने तीच वेळ वेबसाइटवर)

मात्र आदल्या रात्री ११ वाजता वेळ बदलली आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) येणारा एकटा माणूस मंडपात केबल ओढत असला, तर स्टॅटिक साइट अडून बसते. यावर मधला मार्ग: बाकी साइट स्टॅटिक, वेळापत्रक तेवढं गूगल शीटमध्ये. शीट ‘वेबवर प्रकाशित करा’ या सोयीने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांची साधी फाइल) म्हणून द्यायची आणि पानावरच्या छोट्या स्क्रिप्टने ती वाचायची. बदल दिसायला काही मिनिटं लागतात, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तीन जण तीच दुरुस्ती तीनदा करतात.

यात हमखास चुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. कुणीतरी ‘5-6’ अशी वेळ टाइप करतं आणि शीट त्याची तारीख करून टाकते, म्हणून तो रकाना साध्या मजकुराचा ठेवायचा. पहिल्या ओळीतलं शीर्षक कुणी ‘सुधारलं’ की स्क्रिप्टला रकाना सापडत नाही, तेव्हा ती ओळ लॉक करायची. आणि स्वयंसेवकांचे फोन नंबर ज्या फाइलमध्ये आहेत, ती प्रकाशित करायचीच नाही. वेळापत्रकाला वेगळी फाइल हवी. शीट पोहोचलीच नाही तर पान रिकामं दिसू नये, म्हणून वेळापत्रकाची शेवटची प्रत एचटीएमएलमध्येही असू द्या. वेळापत्रकाचा नुसता पोस्टर टाकून मोकळं होऊ नका, दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

नोंदणीसाठी तयार फॉर्म सेवा वापरा. पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट सेवेच्या पानावर पाठवा. कार्डाचे आकडे आपल्या साइटवर कधीच नकोत.

(पडद्यावर: डोमेन नूतनीकरणाचा न उघडलेला ईमेल)

तंत्रज्ञानावर तासन्‌तास वाद घालणारे गट डोमेनकडे मात्र हमखास दुर्लक्ष करतात. डोमेन एकाच्या खासगी ईमेलवर असतं, तो माणूस गट सोडतो, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडेच जात राहतात. डॉट कॉमची मुदत संपली आणि रजिस्ट्रारने (डोमेन विकणाऱ्या कंपनीने) नाव काढून टाकलं, की ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येतं. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. खातं गटाच्या सामाईक ईमेलवर काढा, दोघांकडे प्रवेश ठेवा, दोन टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून ठेवा. आणि हो, तो सामाईक ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं की पासवर्ड बदलायची वाटही बंद होते.

कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी साइट न बांधलेल्या एका स्वयंसेवकाला एका पानाची लेखी टिपण द्या आणि फोनवरून एक वेळ बदलायला सांगा. अर्ध्या तासात जमलं नाही, तर टिपण किंवा साधन बदलायला अजून अवधी असतो. कार्यक्रम उरकल्यावर आठवडाभरात त्या वर्षीची पानं साध्या फाइलींत उतरवून पत्त्यात साल असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. वर्डप्रेस असेल तर हे काम डब्ल्यूगेट हा साइटची पानं उतरवून घेणारा प्रोग्रॅम करतो. मग त्या पानांवरचे फॉर्म काढून टाका, कारण फाइली झालेल्या पानावरचे वर्डप्रेसचे फॉर्म चालत नाहीत.